आधी पीक सांग

जुलैचा दुसरा आठवडा. तीन दिवसांची झड संध्याकाळी उघडली आणि रात्री नऊच्या सुमारास मी आणि आमचा सालदार डोक्याला बॅटऱ्या बांधून वावरात उतरलो. त्याच्याकडे पोतं, माझ्याकडे मिठाच्या पाण्याची बादली. सोयाबीन नुकतंच दोन पानांवर आलेलं. धुऱ्याकडची चार तासं पार बोडकी झाली होती. देठ उभे, पानं गायब, आणि मातीवर वाळलेल्या लाळेसारख्या चकाकत्या रेघा. रेघेमागे गेलं की गोगलगाय सापडते. शंखी असेल तर चांगली मुठीएवढी. शेंबडी बोटभर, तिच्या पाठीवर घर नसतं, ती ढेकळाखाली दडते. दोघींनाही बादलीचाच रस्ता.

बादली निम्मी झाली तेव्हा खिशातला फोन थरथरला. थोरली होती. रत्नागिरीला एम.एस्सी. करते. मेसेज एका ओळीचा: "बाबा, तुमच्या पानाचं नाव सापडलं. जवळजवळ."

हात शेंबडाने बरबटलेले. फोन धड धरवेना.

ते 'पान' जानेवारीतलं.

चौपन्न वर्षांचा होईपर्यंत मी समुद्र पाहिला नव्हता. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात पाणी म्हणजे एक तर धरणातलं, नाहीतर कागदावरचं. पोरगी शिकायला गेली तेव्हा पोहोचवायला तिचा मामा गेला होता. दीड वर्ष ती म्हणत राहिली, बाबा या, आणि मी म्हणत राहिलो, तुरी निघू दे. शेवटी तूर सोंगून झाली. हरभऱ्याला रात्रीच्या लाइनवर पाणी कोण देईल, यावरून घरात दोन दिवस चर्चा झाली. ती जबाबदारी सालदाराने उचलली आणि मी एक रात्र ट्रॅव्हल्समध्ये, एक रात्र एसटीत काढून रत्नागिरीला उतरलो.

तिने मला मुद्दाम अमावास्येला बोलावलं होतं. आमच्याकडे अमावास्या म्हटली की पोळा आठवतो. तिथे अमावास्या म्हणजे खोल ओहोटी. सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन ओढतात, त्यामुळे भरती चढते जास्त आणि ओहोटी उतरते जास्त. एरवी पाण्याखाली असलेले खडक दोन-तीन तास उघडे पडतात. आम्ही मिऱ्याच्या बाजूला गेलो. काळे खडक पाहून मला जरा घरच्यासारखं वाटलं. दगड तोच, आमच्या विहिरी खोदताना सुरुंग लावावा लागतो तो काळा पाषाण. फक्त इथे तो ओला होता आणि त्याच्यावर काय काय चिकटलेलं होतं.

परातीएवढ्या एका खळग्यात पाणी साचलं होतं. मी उकिडवा बसून बघत होतो. तळाशी हिरवं शेवाळ, त्यावर एक कोवळं पान पडलेलं. करंगळीच्या पेराहून थोडं मोठं, विड्याचं पान अर्धवट मिटावं तसं. पानाला काठ होता, अगदी लुगड्याला असतो तसा. कडेला काळी बारीक रेघ, तिच्या आत नारिंगी. मी म्हटलं, हे कोणत्या झाडाचं पान, इथे झाड तर नाही. तेवढ्यात पान चालायला लागलं.

"बाबा, पान नाही ते. गोगलगाय आहे," थोरली म्हणाली. "शंख नसलेली, समुद्रातली."

मी माझ्या फोनने तीन फोटो काढले. तिन्ही वाईट. पहिल्यात पुढचं अर्धं अंग आणि काठ स्पष्ट, पण मागचं अर्धं माझ्या अंगठ्याखाली. दुसऱ्यात नुसती शेपूट. तिसऱ्यात पाणी हललं, गोगलगाय धूसर झाली आणि खालचं शेवाळ तेवढं सुईसारखं साफ आलं. तिसरा फोटो मी तिथेच पुसणार होतो. थोरलीचा फोन त्या दिवशी बंद पडलेला, म्हणून ती म्हणाली, राहू द्या सगळे. पाणी चढायला लागलं आणि आम्ही निघालो.

परत आल्यावर उन्हाळाभर आमचा बापलेकीचा तोच धंदा. कापूस विकून झाला, वखरण झालं. दुपारी लिंबाखाली खाटेवर पडून मी ते तीन फोटो बोटांनी मोठे करून बघायचो आणि संध्याकाळी तिच्याशी बोलायचो. मी १९८९ चा बी.एस्सी. आहे, प्राणिशास्त्र घेऊन. त्यातलं बेडूक चिरणं तेवढं लक्षात राहिलं. तरी ओळखण्याची खाज जात नाही.

माझी पहिली चूक अशी की समुद्रातली बिनशंखाची गोगलगाय म्हटली की ती एकच जात असं मी धरून चाललो. आमच्याकडे शहरातला माणूस सगळ्याच अळ्यांना 'अळी' म्हणतो, तसं. थोरलीने सांगितलं की ज्यांचे रंगीबेरंगी फोटो सगळीकडे फिरतात त्या बहुतेक न्यूडिब्रँक. नावाचा अर्थच उघडा कल्ला. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींच्या पाठीवर कल्ल्यांचा तुरा उघड्यावर फुललेला असतो. त्यांच्यातली एक तर मुंबईच्या नावाची आहे, गोनिओब्रँकस बॉम्बेयानस. १९४६ साली तिला ते नाव मिळालं. माझ्या पानाच्या पाठीवर तुरा नव्हता. डोक्यावर दोन शिंगं होती, पण कागदाची पुंगळी करावी तशी गुंडाळलेली, सशाच्या कानासारखी. अंगाच्या दोन्ही कडा पंखासारख्या वाढलेल्या आणि पाठीवर मिटलेल्या. "मग ही एलिसिया," थोरली म्हणाली. "वंश कळला. आता जात."

वंशापर्यंत पोहोचायला एक संध्याकाळ लागली. जातीसाठी पाच महिने.

काळा काठ आणि त्याच्या आत नारिंगी रेघ असलेल्या एलिसियाला आजवर तीन नावं दिली गेली आहेत. पहिलं १८४० सालचं, ऑर्नाटा, ते कॅरिबियन बेटांकडच्या प्राण्याला दिलेलं. दुसरं १८५८ चं, ग्रँडिफोलिया. केलार्ट नावाचा लष्करी डॉक्टर श्रीलंकेत नोकरीला होता, फावल्या वेळात किनाऱ्यावरचे प्राणी नोंदवायचा, त्याने ते दिलं. मोठ्या पानाची, असा त्याचा अर्थ. म्हणजे पान दिसलेला मी पहिला नव्हे. तिसरं १८७१ चं, मार्जिनाटा, म्हणजे काठाची, हे प्रशांत महासागराकडचं. या तिन्ही एकच का वेगवेगळ्या, यावर दीडशे वर्षं घोळ. पुढे डीएनए तपासल्यावर कळलं की काठ सारखा असला तरी अटलांटिकमधली निराळी आणि आपल्याकडची निराळी, आणि आपल्याकडच्यांतही एकाहून जास्त जाती लपलेल्या असाव्यात.

मला हे समजायला काहीच जड गेलं नाही. आमच्या धुऱ्यालगतच्या सव्वा एकराच्या सातबाऱ्यावर तीन नावं आहेत. तिघंही म्हणतात वावर आमचं. वावर आपलं जागच्या जागी आहे.

थोरली मात्र वैतागली. अंगठा आडवा आलेला फोटो, पाठीवरच्या शिरा दिसत नाहीत. या गटात पाठीवर हृदयाचा एक उंचवटा असतो, तिथून शिरा पंखांत पसरतात. त्या किती, कशा फुटतात, हे बघून जाती वेगळ्या करतात. ते सगळं माझ्या अंगठ्याखाली. "फक्त काठावरून नाही सांगता येत, बाबा. अशा काठाच्या..."

"कोणत्या पिकावर होती?" मी विचारलं.

ती थांबली. मी सहज विचारलं होतं. आमच्याकडे कोणी कृषी केंद्रात जाऊन म्हणालं की वावरात बारीक हिरवा किडा आहे, तर पहिला प्रश्न हाच येतो. पीक कोणतं? पऱ्हाटीवर असेल तर तुडतुडा असेल, तुरीच्या शेंगेत असेल तर शेंगा पोखरणारी अळी. पानाच्या खालून आहे का वरून, पान चघळलंय का आकसलंय, बोंडाला भोक आहे का नाही. किडा हातात नसला तरी निम्मं निदान पानावरून होतं. किड्याला सहा पाय का चौदा, हे नंतरचं.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचा तो तिसरा फोटो पाठवा. पुसणार होतात तो."

तिसऱ्या फोटोतलं शेवाळ पिसासारखं होतं. मधोमध एक दांडी आणि दोन्ही बाजूंनी बारीक फाटे, मोराच्या पिसाची नक्कल कोणी हिरव्या रेशमात करावी तसं. "ब्रायोप्सिस," ती म्हणाली आणि पुढचे दोन दिवस तिचा फोन आला नाही.

हे शेवाळ विचित्र आहे. दिसायला अख्खी वनस्पती, पण आत भिंत नाही. सबंध पीस म्हणजे एकच पेशी, तिच्यात असंख्य केंद्रकं आणि हरितलवकं पातळ रसात वाहत असतात. आपल्या झाडांत एक पेशी फोडली तर एका पेशीचा रस मिळतो. इथे एके ठिकाणी टोचलं की नळाला तोटी लावल्यासारखं. माझ्या गोगलगायीच्या कुळाने नेमकं हेच हेरलं आहे. या कुळाचं नाव सॅकोग्लॉसा, पिशवीजिभी म्हणा. शेतातली गोगलगाय किसणीसारख्या जिभेने पान खरवडते, तिच्या जिभेवर दातांच्या कितीतरी रांगा असतात. पिशवीजिभीला दातांची एकच ओळ, आणि कामाला त्यातला एकच दात, पुढचा. तो सुरीसारखा पेशीत खुपसायचा आणि आतला रस ओढून घ्यायचा.

"म्हणजे रसशोषक," मी म्हटलं.

थोरली हसली, पण मग म्हणाली की हो, इंग्रजी पुस्तकातही जवळपास हाच शब्द आहे. अळी वेगळी आणि मावा-तुडतुडे वेगळे, हे आम्हाला फवारणीच्या डब्यावरूनच शिकवलेलं असतं. समुद्रातही तो फरक आहे हे ऐकून मला उगाचच बरं वाटलं. आणि त्यांच्या जिभेतली पिशवी कशाला, तर झिजलेले दात ठेवायला. पुढचा दात बोथट झाला की मागचा पुढे सरकतो आणि जुना पिशवीत जातो. टाकून देत नाही. आमचे बाबा वखराच्या घासलेल्या पासा माळ्यावर अशाच रचून ठेवायचे, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

या रस ओढणाऱ्यांचं पीक ठरलेलं असतं. बहुतेक जातींना एक-दोन प्रकारचंच शेवाळ चालतं. कोणी ब्रायोप्सिसवर, कोणी द्राक्षाच्या घोसासारख्या दिसणाऱ्या कॉलेर्पावर, कोणी कोडियमवर. काळ्या-नारिंगी काठाची मार्जिनाटा ब्रायोप्सिसवाली. म्हणून जुलैच्या त्या रात्री थोरलीचा मेसेज आला होता: जवळजवळ. पूर्ण नाव सांगायचं तर 'एलिसिया सीएफ मार्जिनाटा'. त्या 'सीएफ'चा अर्थ 'हिच्याशी ताडून पाहा'. मला ते फार आवडलं. सातबाऱ्यावर अशी सोय असती तर निम्मे खटले मिटले असते.

आता हिरव्या रंगाचं. शेवाळाचा रस प्यायल्यावर ही गोगलगाय बाकी सगळं पचवते आणि हरितलवकं तेवढी जिवंत ठेवते. तिच्या आतड्याला बारीक फाटे फुटून ते अंगभर, पंखांच्या कडेपर्यंत गेलेले असतात. त्या फाट्यांच्या पेशींत ही लवकं साठतात. म्हणजे ती हिरवी दिसते ती रंगाने नव्हे, आतल्या मालाने. १९६५ साली जपानच्या कावागुती आणि यामासू यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून पहिल्यांदा खात्रीने सांगितलं की एलिसियाच्या अंगातले हिरवे कण हे शेवाळाचेच आहेत. त्यानंतर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची तिची एक बहीण प्रसिद्धीला आली. लहानपणी पोटभर शेवाळ मिळालं की पुढे नऊ-दहा महिने न खाता उन्हावर जगते म्हणे. मी हे ऐकलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आपल्याले पाह्यजे होतं हे."

पण शास्त्रज्ञांचं यावर एकमत नाही, आणि मला खरी मजा त्या भांडणात आली. २००८ मध्ये काहींनी दावा केला की शेवाळाचं एक जनुकच गोगलगायीत उतरलं आहे, म्हणून लवकं इतकी टिकतात. २०१३ मध्ये तिच्या अंड्यांतला डीएनए तपासला, तर तसं काही सापडलं नाही. २०१४ मध्ये जर्मनीतल्या लोकांनी दोन जाती कित्येक आठवडे अंधारात उपाशी ठेवल्या, तर त्या उजेडातल्यांइतक्याच तगल्या. मग ऊन कशाला हवं? त्यांचं म्हणणं पडलं की ही लवकं सौरपंप नसून कणगी आहेत. हळूहळू त्यांनाच पचवून ती दिवस काढते. २०२१ मध्ये आणखी एक प्रयोग आला. उन्हात तयार झालेलं अन्न अंडी घालणाऱ्या भागापर्यंत पोहोचतं आणि उजेडात ठेवलेल्या जास्त अंडी घालतात. म्हणजे बियाण्याला ऊन, पोटाला कणगी, असं काहीतरी. मी शेतकरी म्हणून विचाराल तर मला यात विरोध दिसत नाही. घरात धान्य असतं तेव्हा माणूस वावरात जात नाही असं थोडंच आहे.

ब्रायोप्सिसमध्ये एक विषही असतं. मार्जिनाटाच्या जवळची, जांभळट काठाची रूफेसेन्स हे शेवाळ खाऊन ते विष अंगात साठवते. त्यामुळे मासे तिच्या वाटेला जात नाहीत. त्यातल्या कहालालाइड एफ नावाच्या द्रव्याच्या कर्करोगावर माणसांमध्ये चाचण्यासुद्धा झाल्या. २०१९ मध्ये उलगडलं की ते विष मुळात शेवाळही करत नाही, शेवाळाच्या आत राहणारा एक जिवाणू करतो. हे मी सालदाराला सांगितलं तर तो म्हणाला, "भाऊ, रुईवरची अळी बी तशीच. पाखरू तोंड लावत नाई." त्याला मी शिकवायला गेलो होतो.

मुंडक्याची गोष्ट मात्र मी आईसाठी राखून ठेवली होती.

२०२१ च्या मार्चमध्ये जपानच्या नारा इथल्या सायाका मितो आणि योइची युसा यांनी एक निबंध छापला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या याच सीएफ मार्जिनाटापैकी एकीचं डोकं धडापासून वेगळं झालेलं आणि टाकीत आपलंआपण फिरताना मितोंना दिसलं. त्यांना वाटलं आता मरेल. ते मेलं नाही. मानेभोवती एक खाच असते, तिथून ती स्वतःच तुटते. जखम दिवसाभरात मिटते. काही तासांतच डोकं शेवाळ खायला लागतं. आठवडाभरात नवं हृदय धरतं आणि तीन आठवड्यांत अख्खं धड परत येतं. मागे राहिलेलं जुनं धड कित्येक दिवस, काही तर महिने, हलत राहतं. त्यातलं हृदय दिसत राहतं, धडधडताना. पण त्याला डोकं कधी फुटत नाही. हे असं का करतात, यावर त्यांचा अंदाज परजीवींचा. अंगात परजीवी भरले की धडासकट सोडून द्यायचे. हे फक्त तरुणींना जमतं. म्हाताऱ्या गोगलगायीचं डोकं तुटलं तर ते खात नाही आणि दहा-एक दिवसांत मरतं.

आई ओट्यावर कुटाराच्या टोपल्याजवळ बसून ऐकत होती. सगळं ऐकून म्हणाली, "मुंडकं चालते अन् धड मांगं राह्यते? हे तं राहू-केतू झालं रे बाप्पा."

मी ते तसंच थोरलीला कळवलं. ती म्हणाली, "आजीला सांगा, इथला राहू तीन आठवड्यांत धड परत मिळवतो. केतूचं तेवढं हाल." आजीने त्यावर विचार केला आणि विचारलं, "म्हाताऱ्याचं काहून नाई जमत?" याचं उत्तर निबंधात नव्हतं.

हे सगळं सांगून झाल्यावर थोरलीने सहज टाकावं तसं एक वाक्य टाकलं, आणि ते मला त्या जुलैच्या रात्रीपासून आजवर सोडत नाही. न्यूडिब्रँक आणि एलिसिया दोघीही बिनशंखाच्या, दोघीही समुद्रातल्या, म्हणून शंभर-दीडशे वर्षं त्यांना एका खान्यात ठेवलं होतं. २०१० च्या सुमारास डीएनएवरून वंशावळ पुन्हा मांडली तेव्हा दिसलं की एलिसियाचं जवळचं नातं न्यूडिब्रँकशी नाही. ते जमिनीवर फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या गोगलगायींशी आहे. "म्हणजे बाबा, तुमच्या बादलीतल्या तिच्या जवळच्या. ते रंगीत फोटोवाले लांबचे."

मी बादलीत पाहिलं. बॅटरीच्या उजेडात फेस दिसत होता. मीठ त्यांच्या अंगातलं पाणी ओढून घेतं, त्या आकसतात आणि शेंबूड सोडत राहतात. एक बहीण ज्या खाऱ्या पाण्यात जन्म काढते त्याच पाण्यात दुसरी पाच मिनिटांत मरते. माझ्या हातून मरते, हे वेगळं सांगायला नको. मला कणव आली असं लिहिलं तर छान वाटेल, पण खोटं होईल. चार तासं गेली होती, दुबार टोबावी लागणार होती आणि बियाण्याच्या बॅगेचा भाव मला पाठ होता. मी बादली भरेपर्यंत वेचत राहिलो.

शिवाय ही शंखी इथली नव्हेच. मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली बेन्सन नावाच्या शंखवेड्या इंग्रजाने ती मॉरिशसहून आणली आणि कलकत्त्याला चौरंगीतल्या एका बागेत सोडली. एक माणूस, दोन-चार शंख, एक बाग. प्रत्येक गोगलगाय नरही आणि मादीही, आणि एका खेपेला शंभर-दोनशे अंडी. तिथून ती माझ्या धुऱ्यापर्यंत आली. ओळखण्याच्या छंदाचं हेही एक फळ आहे, ते मला रोज पावसाळ्यात वेचावं लागतं.

इथली जुनी रहिवासी निराळीच. आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात गारगोटीचा एक तुकडा आहे. आजोबांनी विहीर खोदली तेव्हा काळ्या पाषाणाच्या दोन थरांच्या मधून निघालेला. त्यात बोराएवढा एक शंख आहे, दगड झालेला. आई त्याला हळदकुंकू लावते. थोरलीने एका दिवाळीत तो उचलून फिरवला, तोंड आपल्याकडे धरलं आणि म्हणाली, "डावखुरा आहे." बहुतेक शंखांचं तोंड उजवीकडे उघडतं, याचं डावीकडे. एवढ्या एका खुणेवरून ती म्हणाली, फायसा, गोड्या पाण्यातली गोगलगाय. लाव्ह्याचा एक थर थंड झाला, त्याच्यावर तळी साचली, तळ्यांत या राहिल्या, मग पुढचा थर येऊन सगळं झाकलं गेलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हिशेब. नागपूरच्या आसपासच्या अशा शंखांवर हिस्लॉप आणि हंटर या दोन पाद्रींनी १८५५ मध्येच लिहून ठेवलं आहे. आणि तिकडे वणी-मुकुटबनच्या बाजूला जी चुनखडी निघते ती तर खऱ्या समुद्राच्या तळाची, पण इतकी जुनी की तेव्हा शंख असलेला प्राणीच जन्मला नव्हता. म्हणजे आमच्याकडे समुद्र होता तेव्हा गोगलगाय नव्हती, आणि गोगलगाय आली तेव्हा समुद्र गेला होता. आमच्या भागाचं नशीब आधीपासूनच असं.

ती डावखुरी फायसाही नात्याने एलिसियाच्याच बाजूची. कोनाड्यातली, बादलीतली आणि फोनमधली अशा तिघींची एक आजी कुठेतरी असणार. तिला शंख होता. एलिसियालाही असतो, पण लहानपणीच. अंड्यांची फीत गुंडाळी करून शेवाळावर चिकटवलेली असते. त्यातून निघालेलं पिल्लू धुळीच्या कणाएवढं शंख घेऊन पोहतं. शेवाळावर टेकलं की शंख टाकून देतं.

सगळ्यांनीच टाकला असंही नाही. त्याच पिशवीजिभ्यांच्या कुळात एक घराणं आहे ज्याचा शंख दोन झडपांचा आहे, शिंपल्यासारखा. बर्थेलिनिया हे नाव १८७५ साली फ्रान्समधल्या जीवाश्मांवरून दिलं गेलं आणि तो शिंपलाच आहे असं सगळे धरून चालले. १९५९ मध्ये जपानात तमानो गावाजवळ कॉलेर्पाच्या घोसावर तसाच हिरवा दोन झडपांचा जीव जिवंत सापडला. झडपा उघडल्या आणि त्यातून डोकं बाहेर आलं, शिंगं असलेलं, रांगणाऱ्या गोगलगायीचं. ज्या दोघांनी ते छापलं त्यातला एक तोच कावागुती आणि दुसऱ्याचं नाव किकुतारो बाबा. थोरलीला हे नाव सांगताना इतकं हसू आलं की मला दोनदा विचारावं लागलं. तेव्हापासून माझा एखादा अंदाज बरोबर निघाला की ती म्हणते, "किकुतारो बाबा बोलले." चौऱ्याऐंशी वर्षं नुसता शंख हातात होता म्हणून सगळे चुकले, हे मी तिला सुनावलं. शंख होता, पीक नव्हतं.

सोयाबीन दुबार टोबलं. झाडं मागेपुढे झाली, उतारा कमीच आला. पऱ्हाटी बरी आहे. आता डिसेंबर लागला आहे, दुसरी वेचणी सुरू आहे, आणि यंदा मला जाता येणार नाही, मजूर मिळत नाहीत.

परवा अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी थोरलीचा फोटो आला. एकच. सोबत शब्द नाही. फोटोत प्राणी दिसत नाही. नुसतं शेवाळ आहे, जमिनीला धरून पसरलेली दांडी आणि तिच्यावर हिरव्या मण्यांचे उभे घोस, बारीक द्राक्षांसारखे. अगदी साफ आलेला फोटो, अंगठा नाही. मी कळवलं: "कॉलेर्पा." तिने उत्तर दिलं: "पीक बरोबर. पुढे?"

रात्री जेवणं झाल्यावर मी खाटेवर बसून फोटो मोठा करून मणी मोजायला लागलो. डावीकडचा घोस झाला, मधला झाला. आईने दोनदा विचारलं काय पाहून राह्यला म्हणून. उजवीकडच्या घोसात खालून सातवा मणी बाकीच्यांपेक्षा किंचित चपटा आहे आणि त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक बारीक शिवण दिसते आहे.